वायरवरची पिवळी चिंधी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी शपथा घेणारा माणूस नाही. पण १९८४च्या नवरात्रात, जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, दिवेलागणीला जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गोष्ट माझ्या तेजराममामाची.

मामा एकोडीचा. घरात धानाची कोठी, आणि कोठी म्हटली की उंदीर आलेच. रुखमिणीमामीच्या जुन्या शिलाई मशीनला मोटर बसवली होती. तिची वायर उंदरांनी कुरतडली. साकोलीहून नवी आणा, असं मामी रोज म्हणायची. मामाचं आपलं आज आणतो, उद्या आणतो. शेवटी त्याने तुटलेल्या तारा पिळल्या आणि टेप नव्हता म्हणून तिच्याच शिलाईतली पिवळी चिंधी गुंडाळून दिली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मामीने घर सारवलं. जमीन अजून ओलीच होती. ती अनवाणी मशीनवर बसली...

उठली नाही.

माणसं जमायच्या आत मामाने ती चिंधी सोडून चुलीत टाकली. हिने ओल्या हाताने वायर धरली, एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं. गावाने तेच धरलं. मामीची आई कुंताबाई गावातच राहायची. पोरीला अक्कल नव्हती, असं बायका तिच्या तोंडावर बोलायच्या. म्हातारी मान खाली घालून ऐकायची.

मशीन कित्येक वर्षं पडून होती. मग मामाने नवी वायर लावली आणि ती माझ्या आईला आणून दिली.

नवरात्रातल्या त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला होता. लाईन गेली होती. कंदील लावून आम्ही चहा पीत बसलो होतो.

खट... खट... खट...

आई म्हणाली, शेजारची असेल. शेजारी तर कुलूप होतं.

आमच्याच मशीनची सुई खालीवर होत होती. वायर जमिनीवर मोकळी पडली होती.

मामाच्या हातातली बशी खाली पडून फुटली.

आवाज थांबला. कंदील जवळ नेला तर वायरच्या मधोमध काहीतरी बांधलेलं...

पिवळी चिंधी. एका कडेने जळलेली.

"तिचे हात कोरडे होते, बाई," मामा आईला म्हणाला. "चिंधी मीच बांधली होती. अन् मीच जाळली."

आईने बशीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाली, "मले कायले सांगतं? तिच्या मायले सांग."

सकाळी आम्ही तिघं एकोडीला गेलो. कुंताबाई तांदूळ पाखडत होती. मामाने तिचे पाय धरून सगळं सांगितलं. म्हातारीचं सूप चालूच राहिलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तिच्या बोटाले खडूची भुकटी होती, कपड्यावर आखायच्या खडूची. ओल्या हाताले भुकटी राहते का? जावई माणूस, म्हणून चूप राहिली. तुमी कवा सांगता, तेच पाहून राहिली होती."

मामा त्यानंतर जगला, पण मान वर करून नाही. मशीनचा आवाज पुन्हा कधी आला नाही. मला वाटलं, मिटलं सगळं.

पुढे मामा वारला. शेवटची आंघोळ मीच घातली.

त्याच्या बोटांना पांढरी भुकटी लागली होती...

मी तांब्यावर तांब्या ओतला. हाताने चोळलं.

ती गेली नाही.