हट्टी कॉम्प्युटर

"काका, पुन्हा मेला."

शनिवारी सकाळी साडेनऊला पंचशीला शेषेरावांच्या दारात उभी होती. ओढणी ओली, पाय धुळीनं माखलेले. टँकरवरून ती थेट घरी गेली होती, कॉम्प्युटरचं बटण दाबलं होतं आणि तशीच इकडं आली होती.

शेषेराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लाईन कुठं तुटली हे शोधण्यात एकतीस वर्षं गेलेली. आता टेलिफोन कुणाकडं राहिले नव्हते, म्हणून ते माणसांच्या लायनी तपासत.

"पंखा फिरतो का?"

"फिरतो. पडदा काळाच."

"वही लिहिली?"

"लिहिली. बुधवारी परीक्षा हाय काका. बोटं लाकडाची होऊन चालली."

परीक्षा लातूरला होती, मराठी टायपिंगची. एका सरकारी खात्यात कारकुनाची जागा होती, आणि पंचशीलाच्या वर्गवारीत ती एकच. उदगीर जिल्हा होणार ही बातमी दर निवडणुकीला उगवायची आणि मग वाळून जायची. या साली पाऊस नव्हता, बातमी मात्र हिरवीगार होती. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे कारकून, एवढ्या हिशेबावर निम्मं गाव टायपिंगला बसलं होतं. क्लासात एका कीबोर्डला पाच जणी. म्हणून पंचशीलानं वीस दिवसांपूर्वी घरीच कॉम्प्युटर जुळवून घेतला होता.

शेषेराव तिच्या घरी पोचले तेव्हा पंढरी दारातच उभा होता, हातात स्क्रू काढायचा पेचकस. कॉम्प्युटर त्यानंच जुळवला होता. चौकात त्याचं छोटं दुकान. मागच्या गुरुवारी पंचशीला त्याला त्याच दुकानासमोर, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली होती, "नवा म्हणून भंगार दिलंस." त्या दिवसापासून पंढरी तिच्याकडं न बघता बोलायचा.

"काका, तुमच्यासमोरच उघडतो," तो म्हणाला. "नंतर कुणी म्हणायला नको."

कॅबिनेटचे स्क्रू बोटांनीच फिरले, बाजू निघाली. आत बोटभर धूळ नव्हती, पण वीस दिवसांची होती ती सगळीकडं सारखी पसरलेली. शेषेरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"दर वेळी काय बिघडतं?"

"ही पट्टी. रॅम. जाग्यावरून उचकटलेली असते. म्या दाबतो, सुरू होतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. उन्हानं ढिली होत असंल. नायतर व्होल्टेज."

"थांब, दाबू नको." शेषेराव वाकले. रॅमच्या दोन्ही टोकांना एकेक पांढरी क्लिप होती. दोन्ही बाहेरच्या अंगाला वळलेल्या. "ह्या कशा बसतात?"

"पट्टी दाबली की आपोआप. दोन्हीकडून टक् वाजल्याबिगर मी हात काढत न्हाई."

"आणि उघडतात कशा?"

"बोटानं. बाहेर ढकलाव्या लागतात."

"उन्हानं उघडतात?"

पंढरी जवळ वाकला. क्लिपांवर धूळ नव्हती, हे आता त्यालाही दिसत होतं.

"म्हणजे कुणी माझ्या घरात शिरून..." पंचशीलानं वाक्य सोडून दिलं आणि पंढरीकडं पाहिलं.

"माझ्याकडं कामून बघून राहिलीस?"

"पेचकस तुझ्या हातात हाय म्हणून."

शेषेरावांनी वही मागितली. पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांनीच ती रकाने आखून दिली होती: तारीख, सुरू की बंद, कोण बसलं, मिनिटाला किती शब्द. टेलिफोन खात्यात फॉल्टची अशीच वही असे. माणसं विसरतात, रकाने विसरत नाहीत, असं ते म्हणायचे.

रोज दोघी बसत. पंचशीला आणि शेजारची उत्पला. दोघींनी फॉर्म एकाच दिवशी भरला होता. खरं तर दोन्ही फॉर्म पंचशीलानंच भरले होते. उत्पलाचा सराव इथंच, दुसरीकडं सोय नाही. पंढरीनं कॉम्प्युटर जुळवला तेव्हाही दोघी शेजारी बसून बघत होत्या.

वीस दिवसांत पाच वेळा बंद. शेषेरावांची नजर वहीवरून उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर थांबली. तिथं काही तारखांवर कोळशाची फुली होती.

"सरजाबाई, ह्या फुल्या कशाच्या?"

पंचशीलाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "टँकरच्या. मंगळवार आन् शनिवार. त्योबी मेला आज उलटा आला. रोज देवळाकडून येतो, आज शाळेकडून तोंड केलं. समदी रांग उलटी झाली. आमचा तिसरा नंबर, तो शेवटून तिसरा. पाणी मिळालं त्ये नशीब."

"टँकर आला की घरी कोण असतं?"

"कोण असणार? समद्या गल्लीच्या कड्या लागतात. दीड-दोन घंटे लेकरूबी घरात नसतं."

शेषेरावांनी फुल्या आणि बंदचे दिवस जुळवले. टँकर सहा वेळा आला. कॉम्प्युटर पाच वेळा मेला, पाचही टँकरच्या दिवशी.

"पंढरी, पहिल्या शनिवारी कुठं होतास?"

"नांदेडला. माल आणायला. रात्रीच्या गाडीनं परत आलो. त्या दिवशी हिनं मला सात फोन केलते, इचारा."

"केलते," पंचशीला नाइलाजानं म्हणाली.

"मग तू सुटलास. आता सांग पोरी, रांगेत तुझ्या आजूबाजूला कोण कोण असतं?"

पंचशीलानं बोटांवर मोजलं. "मी, आई, उत्पला, धोंडाबाई, मागं केवळाबाई. आमचं ठरलेलंच हाय."

"आजही सगळ्या होत्या?"

"हाव. सगळ्या."

शेषेरावांनी वहीचं एक पान परत उलटलं. टँकर आला आणि तरी कॉम्प्युटर सुरू झाला असा एकच मंगळवार होता. त्या दिवशी 'कोण बसलं' या रकान्यात पंचशीलाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: फक्त मी. उत्पला लोह्याला, मामाच्या घरी.

त्यांनी वही मिटली. "उत्पलाला हाक मार. म्हणावं, कॉम्प्युटरचं बघायचंय."

उत्पला आली ती हसतच. पंचशीलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, शांत बाई. "पुन्हा मेला का? आता कसं करायचं ग?"

"बस," शेषेराव म्हणाले. "म्हाताऱ्याला चौकशा लई लागतात. आज टँकरवर होतीस?"

"होते की."

"कितवा नंबर?"

"नेहमीचाच. तिसरा-चौथा. लवकर भरलं आज."

सरजाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

पंचशीलाला कळायला आणखी एक क्षण लागला. मग ती हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आज रांग उलटी होती. तुझी घागर म्याच ढकलली. म्याच भरली. तुझ्या दारात म्याच नेऊन ठेवली."

"अगं, बाबांना गोळी द्यायची होती, म्हणून मधी आले घरी..."

"दर टँकरला?" शेषेरावांनी विचारलं.

मग त्यांनी, फॉल्टचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात, सगळं मांडलं.

"क्लिपा बोटानं उघडल्यात, म्हणजे बिघाड माणसाचा. दिवस टँकरचे, म्हणजे गल्ली रिकामी असते हे ठाऊक असलेल्या माणसाचा. पंढरीनं पट्टी दाबताना जवळ बसून बघितलेलं माणूस, त्यालाच पट्टी कुठली ते कळणार. पंढरी स्वतः नांदेडला असताना बिघाड झाला, आणि उत्पला लोह्याला असताना झाला नाही. अडचण एकच होती. पंचशीला म्हणत होती, उत्पला रांगेत होती. खोटं बोलत नव्हती ती. आपल्याकडं रांगेत घागर असली की माणूस असतं. कुणी घागरीला विचारत नाही, तुझी मालकीण कुठं हाय."

"काका, म्या कशाला? माझाबी सराव बुडतो की."

"तेच मला खटकलं. वहीत बघ. बंद पडला की पंचशीलाचा वेग उतरतो. अठ्ठावीस, सत्तावीस, पंचवीस. तुझा? चोवीस, अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. दोन-दोन दिवस कीबोर्डला हात न लावता बोटं पळायला लागली, हे मी तरी ऐकलं नव्हतं. दुसरीकडं बसतेस तू. कुठं?"

उत्पला म्हणाली, "स्टेशनकडं. एका ओळखीच्यांकडं. पहाटे."

"मला म्हणालीस, पहाटे बाबांचे पाय दाबते," पंचशीला म्हणाली.

"जागा एकच हाय, पंचे."

"म्हणून?"

"माझं वय ह्या साली संपतं. तुला अजून पाच-सहा वर्षं फॉर्म भरता येतील. मला पुढल्या साली फॉर्म घेणारच न्हाईत. म्या तुझं काही मोडलं न्हाई. फक्त हळू केलं. दोन-दोन दिवस."

"मला सांगायचं होतंस. म्या फॉर्मच मागं घेतला असता."

घेतला असता का, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण पंचशीलाचा चेहरा असा होता की शेषेरावांनाही ते खरं वाटलं. उत्पलालाही वाटलं असावं, कारण पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंढरीनं तेवढ्यात दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. टक्. टक्. पडदा उजळला. तो पेचकस खिशात घालून निघाला, तेव्हा पंचशीला उठून उभी राहिली.

"पंढरी. चौकात बोलले ते चौकातच येऊन मागं घेते. संध्याकाळी. गिऱ्हाईक असताना."

"दहा तरी जमू दे," पंढरी म्हणाला. "चारच होते तेव्हा, पण व्याज लागलंय." त्यानं या वेळी तिच्याकडं बघितलं.

तो गेल्यावर पंचशीलानं कपाटातून एक कागद काढला. उत्पलाचं परीक्षेचं प्रवेशपत्र. कालच दोघींची छापून आणली होती तिनं. उत्पलाच्या फॉर्मचा पासवर्डही तिच्याकडंच होता. उत्पलाच्या हे लक्षात आलं आणि तिचा रंग उतरला. तो कागद फाटला असता तर बुधवारी लातूरला एकच मुलगी गेली असती, आणि बोलायला जागा कुणालाच नव्हती. सरजाबाई लाटणं धरून लेकीकडं बघत होत्या. 'फाड' असं त्या म्हणाल्या नाहीत, एवढंच.

पंचशीलानं कागद उत्पलाच्या हातात दिला.

"खाली सही राहिलीय तुझी. फोटोवर न्हाई, शेजारी करायची. ओळखपत्र घेऊन जा, मूळ. झेरॉक्स चालत न्हाई."

"पंचे..."

"साडेसातची बस हाय. म्या सहाच्या बसनं जाणार."

आजवर नोकरीच्या प्रत्येक परीक्षेला दोघी बसच्या एकाच बाकावर बसून गेल्या होत्या. उत्पला कागद छातीशी धरून उभी राहिली. काहीतरी होईल म्हणून ती थांबली होती. काही झालं नाही. ती गेली.

पंचशीलानं दार लावलं, खुर्ची ओढली आणि घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटात बावीस शब्द. त्यातले नऊ चुकलेले.

"बोटं थरथरतात," ती म्हणाली.

"थरथरू दे," शेषेराव म्हणाले, आणि वहीत नवी ओळ न लिहिता तिच्या शेजारी बसून राहिले. "पुन्हा मार."