म्होरकी कोणाच्या हातात

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणं हे माझं काम. दिसतं तेवढंच सांगा, अंदाजाने बोलू नका, हे वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवत असते. त्यामुळे घरात कोणी ‘मला वाटतं’ म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि त्या आठवड्यात आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही वाटत होतं.

निमित्त साहेबाचं. साहेब म्हणजे आमचा अरबी घोडा. प्रदर्शनांमध्ये त्याने इतकी पदकं जिंकली की कपाटात जागा उरेना, तेव्हा आई ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागली. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली. आता प्रदर्शनाच्या मैदानाच्या फाटकाशी त्याचा पुतळा बसवायचं ठरलं होतं, आणि मूर्तिकार बाई माहिती घ्यायला आमच्याकडे येणार होत्या.

मी रजा काढून आले ती मात्र बाबांसाठी. वर्षभर त्यांचं विसरणं वाढलं होतं. दादा म्हणत होता, दोघांना शहरात माझ्याकडे नेतो, तबेल्यासकट घर बंद करू. बाबांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की इथून उठवलंत तर मी फार दिवस टिकणार नाही. मला ते पटलं होतं. भांडून भांडून शेवटी असं ठरलं की डॉक्टर घरी येऊन बाबांशी बोलतील आणि ते म्हणतील तसं करायचं. बाबा नीट बोलले पाहिजेत, एवढी एकच काळजी माझ्या डोक्यात होती.

मूर्तिकार बाई डॉक्टरांच्या आदल्या दिवशी आल्या. नखांत माती, आवाज खणखणीत. आधी त्यांनी रंग विचारला. दादा म्हणाला काळपट, आई म्हणाली पांढराशुभ्र. त्यात काही विशेष नव्हतं, असे घोडे जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. मग बाईंनी लहानपणीच्या खुणा विचारल्या. आई म्हणाली, मागचा उजवा पाय पांढरा होता. बाबा म्हणाले, डावा, मागचा डावा. दादाने पुढचा डावा सांगितला. आणि मी, जी अंदाजाने कधीच बोलत नाही, छातीठोकपणे पुढचा उजवा सांगून बसले.

बाई हसायला लागल्या. चौघांची चार उत्तरं का, ते माझ्या लगेच लक्षात आलं. साहेब आंघोळीला फार वेळ थांबायचा नाही, म्हणून आम्ही पाय वाटून घेतले होते. चौघं एकदम खाली बसायचो आणि ज्याने त्याने आपापला पाय साबण लावून घासायचा. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपला पाय, आणि तो फेसाने पांढरा! मी हे सांगितल्यावर सगळे खूश झाले. बाबा तर टाळी द्यायला पुढे झाले. मलाही माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

“मग समोर कोण असायचं?” बाईंनी विचारलं. “अरबी घोडा बांधलात तर शांत राहत असेल का?”

खरंच राहायचा नाही. बांधला की दोर तोडायचा. आंघोळीच्या वेळी कोणीतरी समोर उभं राहून त्याच्या तोंडाला बांधलेली दोराची म्होरकी हातात धरून ठेवावीच लागायची. आईने दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे. गडी आम्ही कधी ठेवला नव्हता. साहेब परक्याला जवळ येऊच द्यायचा नाही.

“असेल कोणीतरी,” मी म्हटलं.

“कोणीतरी काय? तो धरायचा की,” बाबा म्हणाले. “तुमच्यातलाच. सगळ्यांच्या मागून जेवायचा तो.”

दादाने माझ्याकडे ‘बघितलंस ना’ अशा नजरेने पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई गेल्यावर मी जुना फोटो काढला. आंघोळीचा तोच एक, प्रदर्शनाच्या फोटोग्राफरने काढलेला. आम्ही चौघं चार पायांशी, ओलेचिंब, हसतोय. साहेबाची मान खाली झुकलेली. हनुवटीखाली म्होरकीचा दोर, आणि तो धरलेला एक हात. मनगटात सैल घड्याळ. पुढे फोटोची कड.

हाताचं कसलं घेऊन बसलीस, असं दादा म्हणाला, पण फोटो त्याने परत हातात घेतला नाही.

मी तबेल्यात गेले. आता तिथे जुन्या खुर्च्या, रंगाचे डबे, मोडकी सायकल. साहेबाला आंघोळ घालताना बांधायचे आमचे ॲप्रन भिंतीवर अजून खुंट्यांवर लटकत होते. बाबांचा, आईचा, दादाचा, तुटलेल्या बंदाचा माझा. त्यांच्या पलीकडे आणखी एक. मी तो अंगाला लावून पाहिला. मला थोडा मोठा आणि दादाला थोडा लहान झाला असता. खिशात हात घातला तर गाजराचे तुकडे लागले. ओले होते, नुकतेच चिरल्यासारखे.

घरात गाजर नव्हतंच. बाबांच्या हाताला कंप आहे, आई त्यांना सुरी देत नाही. तरी बाबांनीच ठेवलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ॲप्रनबद्दल आईला विचारलं तर ती म्हणाली, जास्तीचा असेल. आणि भाजी निवडता निवडता अचानक रडायला लागली. काय झालं, विचारलं तर म्हणे काही कळत नाही गं, उगीचच भरून आलं.

मला तर काहीच समजेना. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते.

सकाळी मी बाबांजवळ जाऊन बसले. म्हटलं, डॉक्टरांनी साहेबाचा विषय काढला तर चौघांचंच सांगा. समोर कोणी नव्हतं म्हणा. घरी राहायचं असेल तर एवढं कराच.

“आणि त्याने ऐकलं तर?” बाबा म्हणाले.

“कोणी?”

बाबांनी माझा हात थोपटला. “तू म्हणतेस तर म्हणतो.”

डॉक्टर गृहस्थ समजूतदार होते. दिवस, तारीख, बेरीज-वजाबाकी, बाबांनी सगळं झटझट सांगितलं. मुलं किती, दोन. मग दादाने मुद्दामच विचारलं, बाबा, साहेबाची म्होरकी कोण धरायचं?

बाबा खिडकीतून तबेल्याच्या दाराकडे बघत राहिले. इतका वेळ, की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“कोणी नाही,” बाबा म्हणाले. “तिथे कोणीच नसायचं.”

डॉक्टरांनी त्यांना घरीच राहू द्या म्हणून सांगितलं. दादाने हार मानली आणि बाबांना मिठी मारली. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने पोटभर रडून घेतलं, इतका आनंद झाला होता.

दुपारी बाबा दिसेनात म्हणून मी तबेल्यात गेले. ते भिंतीसमोर उभे होते.

खुंट्या चारच होत्या.

पलीकडची भिंत सपाट होती. खुंटी उपटल्याचं भोकसुद्धा नव्हतं. मी हात फिरवून पाहिलं.

“काय शोधतेस?” बाबांनी विचारलं.

“तो ॲप्रन.”

“कुठला गं?”

ते खोटं बोलत नव्हते. लोक न दिसलेलं अक्षर दिसलं म्हणतात तेव्हा मला कळतं. बाबांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. नुसतेच गोंधळलेले होते, आणि गाल ओले होते. का रडलो, ते त्यांनी मलाच विचारलं.

मी धावत जाऊन फोटो पाहिला. साहेबाची मान तशीच झुकलेली. दोर हवेत ताठ ताणलेला. टोकाला कोणी नाही.

दादाला दाखवला. तो म्हणाला, फोटो असाच तर होता.

संध्याकाळी दादा परत गेला. मी चहा टाकला. बाहेरच्या खोलीत मूर्तिकार बाईंचा फोन आला होता, आईने तो मोठ्या आवाजावर लावला होता. बाईंना शेवटचं एकदा सगळं पक्कं करून घ्यायचं होतं.

“मागचा डावा पाय हे धुवायचे,” आई सांगत होती. “मागचा उजवा मी. पुढचा डावा आमचा मुलगा.”

“आणि पुढचा उजवा?”

मी ट्रे घेऊन दारात पोचले होते. आई काय सांगणार ते मला माहीत होतं, मी हसतसुद्धा होते.

आई विचार करत राहिली. मग तिने बाबांकडे पाहिलं.

“असेल कोणीतरी,” बाबा म्हणाले.

आईने टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून ट्रेला जागा करून दिली, आणि माझ्याकडे बघून हसली.

“बसा ना,” ती म्हणाली. “उभ्या का?”