ताटासमोरची खुर्ची

"ते टाकाऊ फोटो पुसले का हो तुम्ही?"

दारात उभ्या माणसाला धाप लागली होती. हातात हेल्मेट, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. वेदिकेने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं... महेश. दिवाळीपासून तो रंगनाथकाकांच्या स्टुडिओसाठी लग्नांचे फोटो काढत होता. फोटोंची मेमरी कार्डं मात्र काकाच आणून द्यायचे.

"अजून नाही. बसा... पाणी देऊ?"

अशोकस्तंभाजवळच्या स्टुडिओच्या माडीवर वेदिका दिवसभर एकटीच असायची. लग्नाचे फोटो एआयला द्यायचे. एआय चेहरे ओळखून नवरीचे, करवल्यांचे वेगळे गठ्ठे करी, प्रत्येक फोटोला नाव देई. हळद माखलेली नवरी त्याला परकी बाई वाटे, आणि फेटे बांधलेले सगळे मामा एकच. ते निस्तरायचं काम वेदिकेचं. स्वतःचं लग्न मोडून सटाण्याहून आलेल्या बाईने दिवसभर दुसऱ्यांच्या अक्षता बघत बसायचं... त्याची सवय झाली होती. खोलीवर परतल्यावर ‘जेवलीस का’ विचारणारं कुणी नाही, याची मात्र होत नव्हती.

ज्यात चेहरा नाही, तो फोटो आपोआप ‘टाकाऊ’मध्ये पडे. पुसण्याआधी ती एकदा नजर टाकायची. तिथेच तिला ते सापडलं होतं — प्रत्येक लग्नातलं, सगळे उठून गेल्यावरचं, महेशचं ताट. एआय नाव देई, ‘रिकामी खुर्ची आणि जेवण’. ती हसून ते खोडायची आणि लिहायची, ‘सायखेड्याच्या लग्नातली जिलेबी, चार नग. पोट सांभाळा.’ हे फोटो ती पुसत नसे; नावं घातलेल्या बाकीच्या फोटोंबरोबर तेही परत महेशकडे जात. पुढच्या लग्नात ताटात तीनच जिलेब्या दिसत. तिने ‘भात विसरलात’ लिहिलं, की त्याच्या पुढच्या ताटात भाताचा डोंगर. दिवसातून तेवढंच काय ते तिच्याशी कुणी बोलायचं.

आणि काल काका म्हणाले होते, "वेदिका, नवीन सोय घेतलीय. उद्यापासून टाकाऊ फोटो मशीनच पुसून टाकील. तुझे डोळे वाचले बघ."

तिला रात्री घास गेला नव्हता.

"काकांनी आत्ता फोनवर सांगितलं," महेश ग्लास हातात फिरवत म्हणाला. "म्हटलं, गेलं आपलं ताट."

"ताटाचं एवढं काय? दुसरं लग्न आहेच की."

"बघणारं कुणी नाही ना मग."

ती स्क्रीनकडे वळली. "खादाड माणसाला काळज्या भलत्याच."

"एक विचारू? तुम्ही दर वेळी कॉम्प्युटरने दिलेलं नाव खोडता. का?"

"चुकीचं असतं म्हणून. समोर एवढं ताट दिसतंय आणि ह्याला खुर्ची सुचते."

महेशने ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्याचं बरोबर होतं हो. मी खुर्चीचाच फोटो काढायचो."

वेदिकेने एक फोटो मोठा केला. मग दुसरा... मग आणखी एक. प्रत्येक ताटासमोर एक खुर्ची होती, बसायला सोपी पडावी अशी जरा ओढून ठेवलेली. एकीवर तर रुमालही टाकलेला — जागा धरल्यासारखा.

"काका सांगायचे, ‘वेदिका कुठल्याच लग्नाला येत नाही.’ का, ते मी विचारलं नाही. म्हटलं, आपण जागा धरून ठेवावी... आली तर आली."

खाली रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. तिने उगाच खिडकीत जाऊन ते भांडण पाहिलं. डोळे पुसायला तेवढा वेळ पुरला.

"लग्नाला मी नाही येणार, महेश. अजून नाही जमत."

"लग्न कुणाला हवंय... म्हणजे —" त्याचे कान लाल झाले. "मी जेवायचं म्हणतोय. कुठेही."

"माझा डबा आहे. मेथी आणि दोन भाकरी. एकटीपुरता."

"मला अर्धीही चालेल."

"एवढा भाताचा डोंगर खाणारा माणूस, अर्ध्या भाकरीत भागवणार?"

"भागवेन की."

 टेबलावरच्या वायरी बाजूला सारून तिने डबा उघडला. भाकरी मोडली. मोठा तुकडा आपण त्याच्याकडे सरकवलाय, हे तिला जरा उशिराच कळलं... आणि त्याने ते पाहिलं होतं.