उपाशी वाफा

सहादेवच्या पाठीवरच्या पंपाचा फवारा वाऱ्यानं वळला आणि थेट पुष्पावतीच्या तोंडावर आला. एकाहत्तर सालच्या थंडीत, राहुरीजवळच्या मळ्यात, दोघांची ओळख झाली ती अशी.

“अगं बाई! कसलं औशद हाय हे?”

“साखरबिटाची वाढ रोखणारं... आधी तोंड धुवा!” घाबरून त्यानं तिच्या ओंजळीत कळशीच रिकामी केली. “यानं पानं आखूड राहतात आणि गोडी कंदात उतरते.”

“म्हंजी माजी उंची खुंटली म्हना की!”

“पण गोडी वाढेल ना...” तो बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झाले.

मळा तिच्या वडलांचा, आसारामचा. अकोल्याकडचा शेतकी पदवीधर सहादेव तिथं बिटाचा प्रयोग करायला आला होता. एका वाफ्यात पानांवर युरियाचं पाणी, दुसऱ्यात हे औषध, तिसऱ्यात काहीच नाही. चहा घेऊन येणाऱ्या पुष्पावतीला त्या तिसऱ्याची भारी कीव यायची.

“त्यानं काय तुमचं घोडं मारलंय? उपाशी ठिवलाय बिचारा.”

“त्याच्याशीच तर बाकीचे ताडून बघायचे. प्रयोग साधला तर पुन्हा इथंच बीट लावू. फसला तर माझी बदली.”

बदली! उपाशी वाफ्यापायी प्रयोग फसला तर? ताडून बघण्याचं ती ऐकती तर ना! तो नगरला गेला तशी तिनं पंप पाठीला लावला आणि उपाशी वाफ्याला युरिया पाजला. चांगला दोनदा.

चैत्रात बीट उपटलं. तिसऱ्या वाफ्याची पानं नुसती माजलेली. रसाचा थेंब काचेवर घेऊन सहादेवनं गोडी मोजायचा मापक डोळ्याला लावला, आणि त्याचा चेहरा पडला.

“यात गोडीच नाही. कोरा वाफाच बिघडला... आता ताडायचं कशाशी?”

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं. पण तो पडलेला चेहरा तिला बघवेना.

“म्या फवारलं त्याला,” ती रडवेली झाली. “युरिया. तुमची बदली हू नये म्हनून...”

सहादेव असा हसला की विहिरीवरची पाखरं उडाली.

“वेडी आहेस तू!” पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला. “साहेबांची बोलणी खाईन मी. पण प्रयोग फसला नाही, बाद झालाय. बाद झाला की पुन्हा लावावा लागतो. इथंच.”

“म्हंजी... तुमी जानार न्हाई?”

“उलट आईच येतेय अकोल्याहून. तुझ्या वडलांशी बोलायला.”

पुष्पावतीचा आनंद मनात मावेना. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

“मग त्यास्नी सांगा, पोरीची उंची खुंटलीय.”

“सांगितलंय,” तो म्हणाला. “आणि गोडीचंही सांगितलंय.”