निळ्या तारेची गाठ

दुपारचे बरोबर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मिस्त्री सामान आणायला बाजारात गेलेला. इंजिन दुरुस्तीच्या दुकानात त्याची बायको आणि नुकती रांगायला लागलेली लेक चिमी, दोघीच. तेवढ्यात बागेचा मुकादम गवत कापायचं मशीन ढकलत आला.

“वहिनी, हे बंद ठेवलं तरी आपोआप सुरू होतं बघा.”

“मग तुमच्यापेक्षा बरं की! तुम्ही सांगूनसुद्धा हलत नाही.”

तो हसला नाही.

चार वर्षं नवऱ्याशेजारी बसून ती इंजिनं खोलायला शिकली होती. इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते. यातलं एक तोडलं की संपलं. तिने टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. ठिणगी देणारा प्लग काढून स्टुलावर ठेवला. चिमीला पलीकडे पोत्यावर बसवलं आणि ती मुठीपाशी आली.

मुठीला लागून एक आडवी पट्टी असते. ती दाबून धरली तरच पातं फिरतं, हात सुटला की थांबतं. माणूस वाचावा म्हणून तर ती असते. आणि ती पट्टी कुणीतरी निळ्या तारेने मुठीला आवळून बांधली होती. दोन पीळ, टोक आत खोचलेलं. कपड्यांच्या दोरीला हीच गाठ, चिमीच्या पाळण्याला हीच गाठ. ती तिच्या नवऱ्याची गाठ होती.

“माळी कुठाय तुमचा?”

“गावाला गेलाय.”

“मुकादम...”

त्याने डोक्यावरची टोपी काढली. “उतारावर पाय घसरला त्याचा. हात सुटला, पण मशीन... थांबलंच नाही. आठ दिवस काढले दवाखान्यात, मग गेला.”

“ह्यांना माहीत आहे?”

“मिस्त्रीच म्हणाले, बोलू नका कुठे. महिना झाला.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर हा माणूस तिच्या हातचं जेवत होता, त्याच हातांनी लेकीला झोके देत होता!

आणि इंजिन सुरू झालं.

टाकी कोरडी. प्लग स्टुलावर. तरी पातं गरगरत होतं, आणि त्या कोरड्या दुकानात ओल्या, नुकत्या कापलेल्या गवताचा वास भरला. मशीन आपणहून सरकायला लागलं. समोरून चिमी हसत रांगत येत होती. मुकादमाने धूम ठोकली. जागा अरुंद, मशीन मध्ये, पोर पलीकडे. तिने मूठ मागे खेचली, पण ते बैलासारखं ओढत होतं. पक्कड नवऱ्याच्या खिशात. ती नखांनी गाठ ओरबाडायला लागली. नखं तुटली, गाठ ढिम्म.

तेव्हा तिच्या बोटांशेजारी आणखी बोटं आली. गार... नखांत माती भरलेली. पीळ कुठून उलटा फिरवायचा ते त्यांना नीट माहीत होतं.

तार गळून पडली. पट्टी वर आली. चिमीच्या पावलापासून वीतभरावर पातं थांबलं.

मिस्त्री आला तेव्हा लेकीला छातीशी घेऊन तिने ती निळी तार त्याच्या तोंडासमोर धरली.

“अगं, हात दुखतो म्हणतात लोक. गिऱ्हाईक मागतं, आपण बांधून देतो.”

“अजून किती जणांना दिलीत?”

“असतील दहा... कोणाकोणाला ते आता कुठं आठवतंय?”

तिने फेकलेला पाना त्याच्या कानाला चाटून गेला.

“आठवा! नाही आठवलं तर दारोदार जाऊन विचारा! तोवर ह्या घरात घास मिळायचा नाही!”

तो रोज फिरतोय. अजून एकही मशीन सापडलेलं नाही. पण सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर निळी तार असते, त्याच पिळाची, कुणीतरी सोडवून ठेवलेली. पहिल्या दोन कोरड्या होत्या. आज तिसरी सापडली. ती ओली होती, लाल, आणि तिला गवत चिकटलेलं होतं.

अजून सात राहिल्यात. तुमच्या ओळखीत कुणाच्या मशीनच्या मुठीवर निळी तार दिसली, तर आधी ती कापायला सांगा. मग ही गोष्ट सांगा. आणि त्यांनाही म्हणावं, पुढे चार जणांच्या कानावर घाला.