चार टायर आणि तिसरा प्रश्न

“एकच खड्डा गं... एकच! त्यावर एवढा गाल फुगवून बसायचं? स्वतः स्वस्तातलं तेल खातो मी, तुला महागातलं पाजतो, आणि तू—”

हे गाऱ्हाणं इव्हेलिसला शब्द न् शब्द ऐकू आलं, कारण ती त्याच गाडीच्या पलीकडच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. मधे फक्त गाडी. आणि तीही कमरेएवढी बुटकी, जास्वंदीसारखी लाल.

हसू दाबायला गेली तर खोकला आला. पलीकडचं पुटपुटणं थांबलं. बॉनेटवरून आधी कुरळे केस वर आले, मग दोन ओशाळलेले डोळे.

“तुम्ही... कधीपासून आहात इथे?”

“महागातल्या तेलापासून,” ती म्हणाली.

खरं सांगायचं तर त्याच्या कितीतरी आधीपासून. ही गाडी इव्हेलिस आठ महिने ओळखत होती. तिच्या वडिलांचं, सगळे मानाने ‘डॉन’ म्हणायचे त्या मोंचोंचं, टायरचं दुकान बेटावरच्या कायेइ गावाच्या जुन्या रस्त्यावर, आणि दुकानाच्या डोक्यावर त्यांचं घर. रोज पहाटे पाचला ही गाडी डोंगरावरून उतरून समोरच्या बेकरीपाशी थांबायची. अंगात दोनशेवर घोडे, पण गल्लीत शिरताना असा हळू गिअर बदलायची, जणू झोपलेल्या घरातून कुणी वहाणा हातात घेऊन चाललंय. अंथरुणात पडल्या पडल्या इव्हेलिसने ठरवून टाकलं होतं, की चालवणारा एकतर फार म्हातारा असणार, नाहीतर फार चांगला. खिडकीशी जाऊन बघावं, असं मात्र कधी मनात आलं नाही. बघितलं आणि म्हातारा निघाला तर?

म्हातारा नव्हता. नर्सच्या निळ्या कपड्यांत, खिशाला चार पेनं अडकवून तो उभा होता. नाव अब्दिएल. डोंगरावर आयबोनितोला घर, खाली काग्वासला डायलिसिसच्या केंद्रात नोकरी.

“आणि तिचा गाल फुगलाय तो खड्ड्यामुळे नाही,” इव्हेलिस म्हणाली. “तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे?”

“डोंगर उतरलात की पंपावर हवा तपासता ना? काटा जास्त दाखवतो. आणि तुम्ही शहाण्यासारखी थोडी सोडून देता.”

त्याचं तोंड उघडंच राहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“यांनी.” तिने त्याचा हात धरला — धंद्यातल्या सवयीने, दुसरं काही मनात नव्हतं — आणि टायरच्या दोन्ही कडांवरून फिरवला. “मधली नक्षी शाबूत, कडा गोटा. हवा कमी असली की टायर असाच झिजतो. उतारावर ब्रेक मारून मारून तो तापलेला असतो, आतली हवा फुगते. ती तुम्ही काढलीत, की रात्री गार झाल्यावर आत उरतं काय? अशा मऊ टायरवर खड्डा बसला तर फुगा येणारच. हवा सकाळी तपासायची. घरून निघण्याआधी, गार असताना.”

“गार असताना,” तो म्हणाला. हात अजून तिच्या हातातच होता. तिने तो परत केला, उसनं आणलेलं भांडं परत करावं तसा.

त्याला हवे होते ते टायर त्याने मोबाईलवर दाखवले. रविवारी सालिनासच्या रेसच्या ट्रॅकवर त्याचे मित्र वापरायचे तसले, जवळपास गुळगुळीत, डांबराला घोरपडीसारखे चिकटणारे.

“देखणे आहेत,” ती म्हणाली. “रविवारपुरते. सोमवारी दुपारी डोंगरावर पाऊस गाठेल तेव्हा काय करणार? ह्यांना चर आहेत कुठे पाणी बाहेर टाकायला? पाण्यावर नुसते घसरत जातील. आणि आठ महिन्यांत संपतील.”

“म्हणजे म्हाताऱ्यांच्या गाडीचे घालू? ह्या गाडीला?”

“तसं म्हटलं असतं तर मीच तुम्हाला हाकलून दिलं असतं.” तिने गाडीकडे अशा नजरेने बघितलं की अब्दिएलला क्षणभर स्वतःच्याच गाडीचा हेवा वाटला. “तिसरे असतात. वळणावर हात सोडत नाहीत, पावसातही सोडत नाहीत. बाजू कडक, खड्डा सोसणारे. सॅन ह्वानहून मागवावे लागतील, तीन दिवस. जत्रेत नाचायला वेगळा माणूस लागतो हो, आणि रोज घरी सोडायला वेगळा.”

“आणि दोन्ही जमणारा?”

“तोच मागवतेय ना.”

मागे हवेच्या नळीशी खुडबुडणारे डॉन मोंचो उगाचच खाकरले.

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची ते तिचे तीन प्रश्न तिने विचारले. “रोज किती मैल?”

“पन्नास. जाऊन येऊन.”

“रस्ता कुठला?”

“सगळा वळणांचा. सरळ रस्ता आहे, पण... दिवसभर मी माणसांना चार-चार तास खुर्चीला जखडून ठेवतो. सुई टोचतो, गप्पा मारतो, त्यांच्या नातवंडांची नावं पाठ करतो. आधी आणि नंतर थोडी वळणं लागतात मला. नाहीतर त्यांचं सगळं माझ्याबरोबर घरी येतं.”

इव्हेलिसच्या हातातला पाना थांबला. असं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

“आणि किती वर्षं चालवायचीय?”

तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

तिने फुगलेला टायर काढला, तोवरच्या कामाला दुकानातला एक जुना बसवला आणि नट आवळून नेहमीचं वाक्य म्हणाली, “पन्नास मैल झाले की परत या. नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात.”

“पन्नास?” त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “म्हणजे उद्याच.”

*

तो आला. नट जसेच्या तसे घट्ट होते. येताना बेकरीतून चीज भरलेल्या दोन गोड गुंडाळ्या आणल्या होत्या, त्यातली एक कागदातून खाता खाता त्याने सांगितलं, की समोर कॉफी पिताना तो तिला बघायचा.

“पहाटे? मी तर अंथरुणात असते.”

“शनिवारी. शनिवारी मला उशिरा जायचं असतं. दोन हातांनी दोन टायर घरंगळत नेता तुम्ही, शीळ घालत. एकही कधी पडला नाही. मी आठ महिने वाट बघतोय एखादा पडायची, म्हणजे उचलायला धावता येईल.”

“मग खड्डा मुद्दाम शोधलात की काय?”

“खड्ड्याची शपथ, तो आपणहून आला.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास मैल झाले. तोवर “तुम्ही”चं “तू” झालं होतं, कधी ते दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळी ती बेकरीत पाव आणायला गेली तेव्हा मालकीण डोन्या कार्मीन पाव बांधता बांधता म्हणाली, “गुणी आहे गं तो पोरगा. ते समुद्रापलीकडच्या ऑर्लँडोचे हॉस्पिटलवाले आले होते ना काग्वासला, नर्स शोधत...” आणि जीभ चावून थांबली. “लोणी देऊ?”

“आले होते, मग?”

“लोणी ताजं आहे बघ,” डोन्या कार्मीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अब्दिएल आला तो गुंडाळ्या न आणता. दारातच उभा राहिला.

“इव्हेलिस, ते चार नको मागवूस. हा जुना बसवलायस ना... चालेल हा. बाकीचे तीन पण असेच जुने बघ.”

तिने मान हलवली. एवढंच. विचारायचं काही उरलंच नव्हतं. ह्या दुकानाला गावातलं कोण बेट सोडून जाणार हे पाद्र्याच्या आधी कळतं. जाणारा माणूस जुने टायर घालतो. गाडी विकण्यापुरती उभी राहिली म्हणजे झालं. गेल्या वर्षी शाळेतल्या दोन बाईंनी घातले, त्याआधी औषधवाल्याने. आणि मोठं वादळ झालं त्यानंतरच्या वर्षी तिच्या सख्ख्या भावाने, होएलने, याच जागी उभं राहून.

“आयबोनितोला पाऊस आहे का?” तिने विचारलं.

“आहे,” तो म्हणाला. “बराच आहे.”

आणि असली दोन शहाणी माणसं पावसावर बोलत बसली! मला कधीकधी वाटतं, हवामान नसतं तर अर्ध्या जगाला खरं बोलावं लागलं असतं.

*

नको म्हणेपर्यंत टायर आलेही होते. चार, कोरे, वर रबराचे केस उभे असलेले. रात्रीच्या जेवणानंतर... नाही, जेवण झालंच नाही, भातावर शेंगांचं कालवण तसंच थिजलं. डॉन मोंचो ताटाकडे बघत म्हणाले, “परत पाठवू?”

ती चमच्याने भात इकडचा तिकडे करत राहिली.

“होएलने मला विचारलं होतं,” ते म्हणाले. “तुला माहीत नाही. पप्पा, काय करू, म्हणाला. मी म्हटलं, तुझं आयुष्य, तू बघ. मोठ्या मनाचं वाटलं तेव्हा ते बोलणं. नंतर त्याचे टायर बदलून दिले. हवासुद्धा मीच भरली.” त्यांनी चमचा सरळ ठेवला. “चांगली भरली होती. पार विमानतळापर्यंत नीट गेला.”

इव्हेलिसने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. ते उठले आणि जाता जाता दारातून म्हणाले, “बसव ते चार. टायर काही कुणाला बांधून ठेवत नाहीत. विकताना भाव तरी येईल पोराला.”

टायर बदलायला सकाळी सोडलेली गाडी न्यायला शुक्रवारी दुपारी अब्दिएल आला तेव्हा ती जॅकवरून उतरली होती. त्याने एकदा टायरांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“मी जुने सांगितले होते.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“ह्या गाडीला जुने घालायला माझा हात धजला नाही. माझं आणि तिचं आहे काहीतरी. तू मधे पडू नकोस.”

तो हसला नाही. खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. “मग तूच चालव. आठ महिने नुसती ऐकतेयस तिला.”

जुन्या रस्त्याने ते डोंगराकडे निघाले आणि पहिल्याच चढावर पाऊस कोसळला. काचेवर नुसतं पाणी, कडेच्या केळी वाकलेल्या. इव्हेलिस बेताने चालवत होती.

“घाबरलीस?”

“छे. नवे आहेत. कारखान्यातून येताना अंगावर मेणासारखी साय असते, पहिले शंभर मैल थोडे निसरडेच असतात. तोवर समजुतीने घ्यायचं. एकदा रस्त्याची ओळख झाली की...” वळण आलं. तिने गिअर उतरवला, इंजिन गळ्यातल्या गळ्यात गुरगुरलं, आणि गाडी पाणी दोन्ही बाजूंना फेकत, इस्त्री फिरावी तशी वळणातून निघाली. कुठे झोक नाही, कुठे धसका नाही. “...अगं बाई,” इव्हेलिस स्वतःशीच म्हणाली.

काय गाडी होती! आठ महिने ऐकलेलं गाणं आज हातापायांत उतरलं होतं. आणि शेजारी तो — रस्त्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत. बोटांत ग्रीस, नखं कापलेली, स्टिअरिंग असं धरलेलं की जणू झोपलेलं मूल.

“किती चालतील गं हे?” त्याने विचारलं.

“तुझ्या रस्त्यावर? अडीच वर्षं. हवा सकाळी तपासलीस तर.”

“अडीच.”

वायपर एकदा गेला, एकदा आला.

“कागद त्या पुढच्या कप्प्यात आहे,” तो म्हणाला. “ऑर्लँडोचा. सोमवारी सही करून द्यायचाय. दीडपट पगार, नवीन इमारत. सगळ्यांना सांगितलं मी. आई म्हणाली, तुझं भलं होत असेल तर जा बाबा. कामावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, अभिनंदन. डॉन एफ्रा आहेत माझे एक पेशंट, सहा वर्षं मीच त्यांना सुई टोचतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत... ते म्हणाले, तिकडचे रस्ते फार गुळगुळीत असतात म्हणे. आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपले.” तो थांबला. “मी असा इतक्या जणांना... मला वाटलं होतं, एखादं तरी कुणी...”

त्याने पुढचा कप्पा उघडला आणि तसाच पुन्हा बंद केला.

वळणाच्या पुढे गुलमोहराचं झाड होतं. इव्हेलिसने गाडी त्याच्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. टपावर थेंब आणि पाकळ्या पडायला लागल्या, थेंब आवाज करत, पाकळ्या न करता. तिला ताटाशी बसलेले वडील दिसले. चांगली भरलेली हवा. विमानतळापर्यंत नीट गेलेला होएल. त्यांच्या घरात मोठ्या मनाची माणसं फार होती, आणि दर सणाला टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती.

“माझा तिसरा प्रश्न राहिलाय,” ती म्हणाली.

“किती वर्षं चालवायचीय, तो?”

“हो. पण तो विचारायचा प्रश्नच नव्हता. विचारलं की माणूस नाडी बांधायला वाकतो.”

तो आता वाकला नाही. सरळ तिच्याकडे बघत राहिला. काचा आतून धुकटल्या होत्या. बाहेरचं जग दिसेनासं झालं होतं, म्हणजे रस्त्याकडे बघत बोलायची सबबही संपली होती.

“जाऊ नकोस,” ती आधी स्टिअरिंगलाच म्हणाली. जमलं नाही नीट. आवाज घशातच घसरला, नव्या टायरसारखा. मग तिने मान वळवली, ग्रीसचा हात त्याच्या निळ्या बाहीच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवला, डाग पडणार हे माहीत असून ठेवला, आणि पुन्हा म्हणाली,

“अब्दिएल, जाऊ नकोस.”