बाबांच्या गाडीचं छत

तो गाडी बघायला आलाच नव्हता. कोपऱ्यावरचा चष्मेवाला, आईचा नवा चष्मा द्यायला आला आणि अंगणातली बाबांची लाल गाडी बघून थबकला.

"विकायची आहे?" काचेवरचा कागद वाचत त्याने विचारलं.

"हो. पण हात लावायचा नाही."

"मग विकणार कशी? दुरून?"

मी भडकले. आधीची गिऱ्हाइकं मी अशीच पिटाळली होती. बाबा गेल्यापासून गाडी दिसली की आईचे डोळे भरायचे, म्हणून ती विकायची होती. आणि मला ती कुणालाच द्यायची नव्हती.

"छत उघडून दाखवता?"

"बाबांनी कधी उघडलं नाही. कापडाला घडी पडते, सीटवर धूळ बसते..."

तो हसला. "उघड्या छताची गाडी... आणि जन्मभर बंद?"

"हसू नका! माणूस गेलाय आमचा."

त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. "चुकलो," म्हणाला. बस्स, एवढंच. सारवासारव नाही. मग मीच चावी आणली.

छताचे खटके घट्ट बसले होते. एक मी धरला, एक त्याने.

"तीन म्हटलं की ओढायचं हं... अहो, दोनवरच ओढलंत!"

"मला धीर नाही," तो म्हणाला.

"दिसलंच ते."

छत मागे गेलं आणि ऊन आत उतरलं. सीट नवीकोरी, कातड्याचा वाससुद्धा तसाच. मला रडू आलं ते रागाने. बाबा चुकले. गेलेल्याबद्दल असं बोलू नये म्हणतात; मी बोलणार. दर रविवारी गाडी पुसायची, इंजिन ऐकायचं, फाटकापर्यंत नेऊन परत आणायची. शेजारी मी, अनवाणी, कारण चपलांनी मॅट मळते. तरीही... फाटकापर्यंतच्या त्या प्रवासाचं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

"चला," तो हळूच म्हणाला, "आज फाटकाबाहेर जाऊ."

मग तो दर रविवारी यायला लागला. मी चालवायची, तो शेजारी. वाऱ्यात ओरडून बोलायचं, न ऐकू आलेल्यावरही हसायचं... चक्कर लांबत गेली. आई गॅलरीतून विचारायची, "काय गं, हे गिऱ्हाईक आहे की भाडेकरू?"

एके दिवशी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई गाडी बघायला आल्या. ओल्या केसांनी थेट सीटवर बसल्या, स्वतःच छत उघडलं आणि खळखळून हसल्या. गाडीला हेच हवं होतं. मी हो म्हणाले.

रविवारी त्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. "नका ना विकू."

"का?"

"मग मी... कशाला येऊ?"

"तेच बघायचंय मला. गाडीसाठी येत असाल तर आजपासून सुट्टी!"

बोलून गेले खरी. पण आठवडाभर त्याच्या दुकानासमोरून जायचं टाळलं.

गाडी गेली. रविवारी अंगण भकास दिसत होतं. मी पायरीवर बसले होते — त्याची वाट बघत नव्हते, ऊन खात होते, असं आईला सांगितलं. आई म्हणाली, "सावलीत?"

तो आला. पायी, घामाघूम.

"गाडी गेली," मी म्हणाले.

"माहितीये."

"मग?"

"मग काय..." तो रिकाम्या अंगणाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "तुम्ही आहात ना अजून?"

"मी कुठे जातेय, मेल्या? बस इथे."

तो बसला. जरा जास्तच जवळ बसला. आणि मी सरकले नाही.